आत्याचा उपास

सगुणा आत्या सासरहून कायमची परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि एक लहानसं मडकं. ट्रंक बाबांनी डोक्यावर घेतली, मडकं मात्र तिनं कुणाच्या हातात दिलं नाही. टोकावड्याला एसटीतून उतरल्यापासून आमच्या घरापर्यंतची अर्ध्या तासाची वाट ती ते पोटाशी धरून चालली. मडक्यात ओली वाळू होती, वाळूत प्लास्टिकची डबी आणि डबीत इन्सुलिनच्या दोन बाटल्या. आमच्या अख्ख्या गावात तेव्हा फ्रीज नव्हता. आईनं पाण्याच्या माठाशेजारी, जिथं भिंतीला कायम ओल असायची, तिथं त्या मडक्याला जागा करून दिली, आणि त्या दिवसापासून सकाळी वाळूवर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा आठवीत होते.

आत्याला सापगावला दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती वाळायला लागली, हंडाभर पाणी प्यायची, आणि एक दिवस विहिरीवरच पडली. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिला साखरेचा आजार आहे, आणि तो गोळ्यांवर भागणारा नाही, रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. सासूनं ते तीन वर्षं चालवून घेतलं. मग 'थोडे दिवस माहेरी ऱ्हाऊ दे' म्हणून पाठवली, आणि थोडे दिवस संपले नाहीत. आत्या सव्वीस वर्षांची होती. गोरी, नाकात चमकी, आणि आवाज इतका मोठा की ओढ्यापलीकडच्या शेतात असली तरी ती कुणाशी भांडतेय ते घरी कळायचं.

ती आल्यावर आमचं घर बोलकं झालं. आई अबोल, बाबा दिवसभर शेतात किंवा खडीच्या कामावर. आत्या मात्र भाकरी थापतानाही भाकरीशी बोलायची. सकाळी चुलीवर पेज रटरटायला लागली की ती भिंतीकडे तोंड करून मांडीत सुई टोचून घ्यायची, आणि बरोबर अर्ध्या तासानं जेवायला बसायची. नाचणीची भाकर, चवळीची आमटी, कधी सुकट. त्या अर्ध्या तासाला आमच्या घरात देवपूजेइतका मान होता. भाकरीला उशीर झाला तर काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. आधी तिला घाम फुटायचा, मग ती विनाकारण चिडायची, मग शब्द चुकायचे. तवा म्हणायच्या जागी तांब्या म्हणायची आणि स्वतःच हसायची. ते हसणं ऐकलं की मी धावत जाऊन साखरेचं पाणी आणायचे. ती गटागटा प्यायची, भाकर खायची आणि पंधरा मिनिटांत पुन्हा आपली आत्या व्हायची. आज घरोघरी बोटाला टोचून साखर बघायची यंत्रं आहेत. आमच्याकडे तेव्हा फक्त तिचं तोंड बघायचं, एवढंच यंत्र.

दर दोन महिन्यांनी मी तिच्याबरोबर शहापूरला जायचे. मुरबाडला गाडी बदलायची, मग किन्हवलीवरून दुसरी. बाबांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं आणि आईला सुई नुसती बघितली तरी घेरी यायची, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सगळं मलाच शिकवायचं ठरवलं. एकदा त्यांनी खणातून एक नारिंगी डबी काढली. त्यावर ग्लुकागॉन असं नाव होतं. "ही इकडे मिळत नाही, मुंबईहून मागवलीय," त्या म्हणाल्या. "साखर उतरून आत्या बेशुद्ध पडली, तोंडानं काही घेता येईना, तरच वापरायची." तारीख उलटून गेलेली एक जुनी डबी फोडून त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं. सुईतलं पाणी बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत सोडायचं. बाटली हळू फिरवायची, घुसळायची नाही. पाणी नितळ झालं तरच परत ओढून मांडीत द्यायचं. मग लगेच कुशीवर वळवायचं, कारण उलटी होऊ शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही, ते छातीत जातं. शुद्धीवर आली की गोड पाणी आणि मग जेवण. सुई देऊन झाली तरी दवाखान्याची गाडी बघायची.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "हे बघ शेवंती, या सुईत साखर नाही. ही काय करते, तर आपल्या यकृतात साठवलेली साखर बाहेर काढते. तुमच्या घरी कणगी आहे ना? कणगीत भात असेल तर काढता येईल. चार दिवस नीट जेवलेली नसेल तर कणगी रिकामी. मग ही सुई भरवशाची नाही. तेव्हा थांबायचं नाही, तडक सलाइन." मी मान हलवली. आत्या शेजारीच बसली होती, तिनंही मान हलवली.

मी दहावीत गेले त्या वर्षी नवरात्राच्या आधी सापगावहून कुणाच्या तरी तोंडी निरोप आला होता. निरोप आत्यालाच आला, बाबांना नाही. दिवाळीनंतर परत न्यायचं बघू असं सासू म्हणतेय, पण सुया बंद झाल्या तर. कुठल्याशा बाईनं आत्याला सांगितलं होतं की नऊ दिवस धान्य वर्ज्य करून देवीचा उपास धरला की असले आजार उतरतात. आमच्या घरी घट बसायचा. आई पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास करायची. आत्याला मात्र बाबांची सक्त मनाई होती. "तू जेवायचंस. तुजा उपास देवीला नको नि मलाबी नको," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या माळेच्या दिवशी मला कळलं. मी खुरासणीची पिवळी फुलं तोडून आणली होती आणि माळ ओवायला परसात गेले, तर आत्या आपल्या ताटातली भाकर कुस्करून कोंबड्यांना घालत होती. मला बघून ती दचकली नाही. जवळ बसवलं आणि म्हणाली, "शेवू, कोनाला बोलू नको हां गो. दादाला कळलं तर घट उचलून फेकंल तो."

"पन डॉक्टरीनबाई म्हनल्या होत्या ना, उपाशी ऱ्हायचं नाय?"

"उपाशी कुठं हाय? केळं खाते, दूध पिते, सुई पन अर्धीच घेते. याला काय उपाशी म्हनतात?" मग ती फुलं ओवायला लागली. ओवता ओवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला एकदा माज्या घरात घट बसवायचाय गो. माज्या सोताच्या."

मी शपथ घेतली. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी मोठ्या माणसानं गुपितात घेतलं की तिला जो मोठेपणा वाटतो, तो मलाही वाटला होता, हे लिहायला आता लाज वाटते. आणि केळं-दूध म्हणजे उपाशी नव्हे हे मला पटलं होतं, किंवा पटवून घ्यायचं होतं.

सातवी माळ शनिवारी होती. सकाळची शाळा करून मी दुपारी बाराच्या सुमाराला घरी आले. हळवं भात कापायला आलं होतं, आई-बाबा ओढ्यापलीकडे होते. रानात पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं, तो आवाज आत येत होता. घरात आत्याची हाक नाही. देवघराच्या खोलीत घटासमोर ती आडवी पडली होती, एक हात अंगाखाली. पोलकं घामानं चिंब, डोळे अर्धे उघडे आणि घशातून घोरल्यासारखा आवाज. मी हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. मग ओरडत अंगणात आले. शेजारची ठमाबाय आली, तिनं सुनेला शेतात आणि नर्सबाईंकडे पिटाळलं आणि स्वतः चुलीकडे जाऊन साखरेचं पाणी कालवून आणलं. ती पेला आत्याच्या ओठाला लावणार तेवढ्यात मी तिचा हात झटकला. पाणी सगळं भुईवर सांडलं. "अगो मेली, आत्या मरतंय नि तू पेला उडवतंस?" ठमाबाय ओरडली.

"तोंडात काय घालायचं नाय!" मी तिच्यावर उलट ओरडले. जन्मात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाशी अशी बोलले.

मडक्यातून ती नारिंगी डबी काढली, तारीख बघितली. सुईचं टोपण दातानं काढलं. पाणी सोडलं, बाटली हळू फिरवली, नितळ झालं तसं ओढून घेतलं, लुगडं वर करून मांडीत सुई दिली. ठमाबायच्या मदतीनं आत्याला कुशीवर वळवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. थोड्या वेळानं आत्याला थोडी उलटी झाली, तोंड पुसलं. ती जागी होईना.

पाटोळे सिस्टर धावत आल्या. त्यांचं आरोग्य उपकेंद्र रस्त्याला लागून होतं, दोन खोल्यांचं. त्या साताऱ्याकडच्या, तिशीतल्या, आमच्या गावात येऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांनी नाडी बघितली, रिकामी बाटली उजेडात धरली. "छान दिलीस गं सुई," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळी काय खाल्लंय हिनं?"

"भाकर."

त्यांनी घटाकडे बोट केलं. "उपवास धरलाय का? खरं सांग हं, बाळा."

त्याच क्षणी आई दारात आली होती. हातात विळा, पायाला चिखल, धापा टाकत. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे.

"नाय," मी म्हटलं.

बाहेर दुकानापाशी मुरबाडची जीप उभी होती. बातमी लागली तसा ड्रायव्हर अंगणात आला, "न्यायची काय? मानसं उतरवतो." सिस्टर क्षणभर घुटमळल्या. आत्याला मघाशीच उलटी झाली होती, रस्ता खड्ड्यांचा, आणि उपकेंद्रात सलाइन नव्हतं. "जेवलेली आहे, सुईही बरोबर गेलीय," त्या म्हणाल्या. "पाच-दहा मिनिटांत शुद्धीवर येईल. अशा अवस्थेत हलवण्यापेक्षा डोळे उघडू दे." ड्रायव्हर थोडा थांबला, मग माणसं कुरकुरायला लागली आणि जीप गेली. तिचा आवाज टोकावड्याच्या वळणापर्यंत ऐकू आला. मी तेव्हाही बोलले असते तरी कुणीतरी धावत जाऊन ती अडवली असती. मला वाटत होतं, आत्या आता उठेल, आणि उठली की पहिलं मला विचारेल, सांगितलंस का गो कोणाला?

ती उठली नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तिला आकडी आली. तेव्हा सिस्टरच अनवाणी रस्त्यापर्यंत पळाल्या आणि माळशेजकडून येणारा भाजीचा टेम्पो आडवा उभं राहून थांबवला. कोबीच्या गोण्यांवर गोधडी टाकून आत्याला कुशीवर झोपवली. लांबच्या खाचरातून बाबा तेवढ्यात पोचले, ते नि मी मागे चढलो. मुरबाडपर्यंत सिस्टरनी तिची हनुवटी वर धरून ठेवली होती. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज लावलं तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते.

आत्यानं संध्याकाळी डोळे उघडले. बाबा "सगू, सगू" करत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, भिंतीकडे बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावलं. साखर फार वेळ खाली राहिली, मेंदूला मार बसलाय, किती भरून येईल सांगता येत नाही. आणि लघवीच्या तपासणीवरून दिसतंय की बाईंच्या पोटात चार-पाच दिवस फारसं काही गेलेलं नाही. म्हणूनच ती सुई लागू पडली नाही. हिला लगेच आणायला हवं होतं. बाबा ऐकत उभे होते. आधी त्यांना पटेचना. मग पटलं, तसे ते माझ्याकडे वळले.

"शेवू, तुला ठावं होतं?"

"नाय."

"नि त्या बाईनं इचारलं नाय? घट समोर असून इचारलं नाय?"

पहिल्या वेळी मी आत्याची शपथ पाळली होती, असं मला म्हणता येतं. या वेळी शपथ कसलीच नव्हती. बाबांचे डोळे लाल होते आणि मला त्यांची भीती वाटली, एवढंच. "नाय इचारलं," मी म्हटलं.

बाबा भांडखोर नव्हते. पण गावात आल्यावर ते तडक उपकेंद्राच्या ओट्यावर गेले, मागून दहा-पंधरा माणसं. आई आणि मी मागे उभ्या होतो. "जीप दारात होती बाई. तुमी ती घालवली. बारक्या पोरीनं सुई दिली नि तुमाला एक परश्न इचारता आला नाय?" सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या. "असं कसं म्हणता, दादा? विचारलं होतं. घटाकडे हात करून विचारलं होतं मी." त्यांनी गर्दीत मला शोधलं. "विचारलं होतं ना गं, शेवंती?"

मी खाली बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. सिस्टर विचारत होत्या तेव्हा ठमाबाय खोलीत नव्हती, ती सांडलेलं पुसायला फडकं आणायला गेली होती. राहिली फक्त आई. सिस्टर आईकडे वळल्या आणि थांबल्या. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि माझा दंड धरून घराकडे चालायला लागली. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दिवाळीनंतर सिस्टर बदली मागून गेल्या. सापगावला आत्याच्या नवऱ्यानं उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं. आत्या आठ वर्षं जगली. उजवा हात कोपरातून आखडला, बोलणं थोडंसंच परत आलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. मला ती 'बाय' म्हणायची, आईलाही 'बाय', कोंबडीलाही. सुई मी द्यायचे, भाकर कुस्करून मी भरवायचे. घास हातात धरला की ती मुकाट तोंड उघडायची. ज्या बाईनं देवीसाठी सात दिवस धान्याचा घास नाकारला, तिला आता नको म्हणणंही जमत नव्हतं. तिला त्या दिवसातलं काय आठवत होतं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. एका पावसाळ्यात न्यूमोनियानं ती गेली. माझं लग्न तोपर्यंत लांबवलं होतं, ते मग झालं.

हे सगळं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलांनाही नाही. मुलं मला विचारतात, तू नवरात्रात उपास का करत नाहीस, तर मी पित्ताचं कारण सांगते. आता म्हणे ते औषध नाकात फवारायच्या भुकटीतही मिळतं, ना पाणी मिसळायचं ना सुई. माझ्या मुलीनं मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, चांगलंय, पण उपाशी माणसाला तेही लागू पडत नसेल. तिनं वाचून बघितलं आणि म्हणाली, हो, तसंच लिहिलंय, तुला कसं माहीत?

चार वर्षांपूर्वी मी शहापूरच्या एसटी स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत बसले होते. आईकडे निघाले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हाताऱ्या बाई, चष्मा, कापडी पिशवी. त्यांनी चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन गाडीची वेळ विचारली, परत येऊन बसल्या, पुन्हा उठून तेच विचारून आल्या. आवाजावरून मी ओळखलं. उठून दुसरीकडे जावं असं वाटलं, खरं सांगायचं तर मी उठलेही. मग परत बसले.

"पाटोळे सिस्टर ना? मी शेवंती. टोकावड्याकडची. सगुणाबाईची भाची."

त्यांनी चष्म्यातून बराच वेळ बघितलं. "आत्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, मला त्या दिवशी विचारायचं सुचायला हवं होतं गं."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं."

त्यांचा हात तसाच राहिला.

"घटाकडे बोट करून विचारलं होतं. मी नाही म्हणाले. मला सगळं माहीत होतं. नंतर बाबांपुढेही मी खोटं बोलले."

स्टँडवर कुठलीशी गाडी लागली, माणसं धावली, गाडी गेली. सिस्टरनी हात काढून घेतला आणि पिशवीचे बंद धरून बसल्या. "मी सुरुवातीला म्हणत होते, विचारलं होतं," त्या हळूहळू बोलायला लागल्या. "मग वाटायला लागलं, नसेल विचारलं. लहान मुलगी कशाला खोटं बोलेल? मग तेच खरं वाटायला लागलं. पुढे कुणाला साधी सुई द्यायची तरी तेच तेच पाच वेळा विचारायचे. लोक हसायचे. शेवटी नोकरी सोडली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, डोळ्यांत पाणी नव्हतंच. "तू पोर होतीस. पण तुझी आई दारात होती. तिनं ऐकलं होतं. ओट्यावर मी तिच्याकडे बघत होते, ती बोलेल म्हणून."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली, एवढंच म्हणता येईल. त्यांची गाडी आली तेव्हा मी पिशवी उचलायला हात पुढे केला, तर त्या "राहू दे" म्हणाल्या आणि स्वतःच चढल्या.

मी आईकडे पोचले तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मी अगदी जवळ बसले. "शहापूरला पाटोळे सिस्टर भेटल्या," मी म्हटलं. "मी त्यांना खरं सांगितलं."

आईची बोटं थांबली. तिनं विचारलं, "माजं नाव काडलं काय त्यांनी?"

मी तिला काहीही सांगू शकले असते. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

"काढलं," मी म्हटलं.

आईनं सूप बाजूला सरकवलं, भिंतीचा आधार घेत उठली आणि परसात गेली. मी तिच्यामागे गेले नाही. दारातून ती मला दिसत होती, पाठमोरी, कुठलंही काम न करता नुसती उभी. ती आत आली तशी मी भात वाढला, आणि दोघी समोरासमोर बसून जेवलो.